पत्ता वाचा, तार सापडेल

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी सकाळी साताऱ्याहून ताईचा फोन आला. "अरे, वरच्या खोलीतल्या कॉम्प्युटरला नेट येत नाहीये. खाली सगळ्यांचे फोन चालू आहेत. तुझा भाचा काल रात्री उशिरापर्यंत आयपी ॲड्रेस बदलत बसला होता, पण काही उपयोग नाही."

मी भाच्याला फोनवर बोलावलं. "आधी कोणता ॲड्रेस होता, लिहून ठेवलास का?"

"नाही मामा."

"आणि आता काय टाकलायस?"

"१९२.१६८.१.१. एका व्हिडिओत तोच दाखवला होता."

तो त्यांच्या राउटरचाच पत्ता होता. भाच्याला मी कॉम्प्युटर पुन्हा 'ॲड्रेस आपोआप मिळव' या सेटिंगवर आणायला लावलं, मिनिटभर थांबवलं आणि जो आकडा दिसेल तो वाचायला सांगितला. "१६९.२५४.७७.१२," तो म्हणाला. एवढ्यावरून मी पुण्यात बसून ताईला सांगू शकलो की राउटर ठीक आहे, कंपनीची लाइन ठीक आहे, वर जाणारी तार तपासा.

हे जादूनं कळलं नाही. तारेचा बिघाड आणि पत्त्याचा बिघाड या दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं आपण धरून चालतो. तार वायरमननं बघायची आणि पत्ता कॉम्प्युटरवाल्यानं. खरं तर यंत्राला मिळालेला पत्ता, म्हणजे आयपी ॲड्रेस, हाच तार कुठवर शाबूत आहे याचा सगळ्यात चांगला पुरावा असतो. तो वाचायच्या आत बदलून टाकला तर हातातला पुरावाच पुसला जातो.

पत्ता मागून घेतलेला असतो

कॉम्प्युटर तारेला किंवा वायफायला जोडला की आधी हाक मारतो: मी नवा आलोय, मला कोणी नंबर देईल का? ही हाक कोणा एकासाठी नसते, घरच्या जाळ्यात जे जे आहेत त्या सगळ्यांना ऐकू जाते. उत्तर द्यायचं काम राउटरचं. तो म्हणतो, १९२.१६८.१.७ मोकळा आहे, चालेल? कॉम्प्युटर म्हणतो, चालेल, हाच द्या. राउटर आपल्या यादीत नोंद करतो आणि सोबत आणखी तीन गोष्टी सांगतो. हा नंबर किती वेळासाठी आहे, घराबाहेर जायचा दरवाजा कोणता, आणि वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता कोणाला विचारायचा. या सगळ्या देवाणघेवाणीला डीएचसीपी म्हणतात. राउटरच्या सेटिंगमध्ये हा शब्द दिसला तर घाबरू नका, नंबर वाटणारा कारकून एवढाच त्याचा अर्थ.

आता समजा, हाक मारली आणि कोणीच ओ दिली नाही. कॉम्प्युटर काही वेळ वाट बघतो, पुन्हा हाक मारतो, आणि शेवटी स्वतःच स्वतःला एक नंबर देतो. तो नेहमी १६९.२५४ पासून सुरू होतो. हे आकडे याच कामासाठी राखून ठेवलेले आहेत. म्हणजे १६९.२५४ दिसलं की समजायचं, माझी हाक राउटरपर्यंत पोचली नाही किंवा त्याचं उत्तर माझ्यापर्यंत आलं नाही. ताईकडे खालच्या फोनना नंबर मिळत होते, म्हणजे कारकून जागेवर होता. उरली ती मधली तार.

आणि भाच्यानं टाकलेला १९२.१६८.१.१? तार तुटलेली होती म्हणून निभावलं. ती धड असती तर घरात एकाच नंबरचे दोन मालक झाले असते. फोननी बाहेर जाण्यासाठी दरवाजा शोधला की कधी राउटर "मीच" म्हणाला असता, कधी वरचा कॉम्प्युटर. खाली चालू असलेलं नेटही अडखळत बंद पडलं असतं, आणि कारण शोधताना सगळ्यांच्या नाकी नऊ आले असते.

चाळ आणि खोली

पुढचं समजण्यासाठी एक गोष्ट पक्की करून घेऊ. गिरगावात एक चाळ आहे असं धरा. बाहेरच्या जगाला चाळीचा एकच पत्ता माहीत आहे, आत खोल्या चाळीस. खोली नंबर ७ या चाळीत आहे, तशी शेजारच्या चाळीतही आहे आणि लालबागच्या चाळीतही आहे. त्यानं काही बिघडत नाही, कारण पोस्टमन खोलीच्या नंबरावर येत नाही, चाळीच्या पत्त्यावर येतो. आत पत्र कोणाचं ते दाराशी बसलेला माणूस वहीत बघून ठरवतो.

राउटर हा तो माणूस. १९२.१६८ ने सुरू होणारे पत्ते म्हणजे खोल्यांचे नंबर. १९९६ साली असे तीन गट घरगुती आणि कार्यालयीन वापरासाठी अधिकृतपणे वेगळे काढले गेले: १० ने सुरू होणारे, १७२.१६ पासून १७२.३१ पर्यंतचे आणि १९२.१६८ चे. हे नंबर तुमच्या घरात आहेत तसेच माझ्याही घरात आहेत. म्हणूनच कोणी तुम्हाला "तुझा आयपी मला कळलाय, १९२.१६८.१.५" असं सांगून घाबरवू लागला तर काळजी करू नका. त्यानं फक्त "तू खोली नंबर ५ मध्ये राहतोस" एवढंच सांगितलं आहे, चाळ कोणती ते नाही.

बाहेरच्या जगाला दिसतो तो चाळीचा पत्ता, म्हणजे सार्वजनिक आयपी. तो कंपनी देते.

तेव्हा "आयपी बदलायचा आहे" असं कोणी म्हटलं की मी आधी विचारतो, कोणता? खोलीचा, दाराशी बसलेल्या माणसाचा, की चाळीचा? तिन्ही बदलण्याच्या जागा वेगळ्या आणि कारणंही वेगळी.

आधी तपासणी, मग हात

विंडोजवर काळ्या खिडकीत, म्हणजे कमांड प्रॉम्प्टमध्ये, आयपीकॉन्फिग हा शब्द इंग्रजी अक्षरांत सलग टाइप करून एंटर दाबा. तुमचा नंबर आणि त्याखाली 'डिफॉल्ट गेटवे' दिसेल. गेटवे म्हणजे राउटर. मग त्या गेटवेला पिंग करा, म्हणजे हाक मारून उत्तर येतंय का बघा: पिंग शब्द, एक मोकळी जागा आणि तो नंबर, सगळं इंग्रजी अक्षर-अंकांत. उत्तरं आली तर घरातली वाट शाबूत. नंतर ८.८.८.८ ला पिंग करा. हा गूगलचा पत्ता आहे आणि तो सहसा उत्तर देतो. तिथून उत्तर आलं तर कंपनीची लाइनही शाबूत. एवढं होऊनही वेबसाइट उघडत नसेल तर नावावरून पत्ता सांगणारी सेवा, डीएनएस, अडकली आहे. तिथे राउटरमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये डीएनएस म्हणून ८.८.८.८ किंवा १.१.१.१ टाकलं की बहुतेक वेळा गाडी रुळावर येते.

गेटवेलाच उत्तर नसेल तर कंपनीला फोन करून काही मिळणार नाही, तुमच्या घरातली तार किंवा वायफाय बघा. गेटवे बोलतोय पण ८.८.८.८ नाही, तर घरातल्या तारा उपसू नका, बाहेरची लाइन बघा. हे दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्यानं अर्धा दिवस वाचतो.

एक कळकळीची विनंती. राउटर बंद करून चालू करणं वेगळं आणि मागच्या बारीक भोकात पिन खुपसून रिसेट करणं वेगळं. पहिल्यात काहीही जात नाही. दुसऱ्यात सगळं पुसलं जातं: वायफायचं नाव, पासवर्ड आणि अनेक कनेक्शनांत कंपनीनं भरून दिलेलं युजरनेम-पासवर्डसुद्धा. ते परत भरल्याशिवाय लाइन ठणठणीत असली तरी नेट येत नाही. माझ्या ओळखीतल्या एका घरात पाच मिनिटांत आपोआप परत येणारं नेट असं रिसेट केल्यामुळे तीन दिवस बंद राहिलं, कारण शनिवार होता आणि पासवर्ड कोणाकडेच नव्हता. पिन ठेवून द्या.

दारापर्यंत येणारा धागा

आता बहुतेक शहरांत आणि बऱ्याच गावांत घरापर्यंत फायबर येतो. तो काचेचा असतो आणि त्यातून उजेड येतो. ज्या भागातून उजेड जातो तो गाभा फक्त ९ मायक्रॉन जाड, केसाच्या साधारण आठव्या भागाएवढा. कनेक्टरच्या तोंडावर धुळीचा एक कण बसला तरी वाट अडते, ते यामुळे. शिवाय तो उजेड तुमच्या एकट्याचा नसतो. वाटेत डब्यातून एका धाग्याचे १६ किंवा ३२ घरांत वाटे केलेले असतात, त्यामुळे तुमच्यापर्यंत निघालेल्या उजेडाचा बारीकसा अंशच पोचतो.

कंपनीचा माणूस मीटर लावून "पॉवर वजा बावीस आहे" असं म्हणतो, तो हाच उजेड मोजत असतो. आकडा तीननं खाली गेला की उजेड निम्मा झाला, हे लक्षात ठेवा. वजा २० म्हणजे एक मिलीवॉटचा शंभरावा भाग. वजा २३ म्हणजे त्याच्या निम्मा. वजा २७ च्या आसपास गेलात की घरातला डबा, म्हणजे मोडेम, कसाबसा तग धरतो आणि नेट मधूनमधून जातं. अनेक मोडेमच्या सेटिंगच्या पानावर हा आकडा दिसतो. नेट चांगलं चालू असताना तो एकदा बघून लिहून ठेवा. पुढे कधी रखडलं तर "माझी पॉवर एकवीसवरून सव्वीसवर गेलीये" असं सांगता येतं, आणि त्या वाक्यावर समोरचा माणूस "राउटर बंद करून चालू करा" म्हणत नाही.

डब्यावर 'लॉस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला तर उजेड येतच नाही. आपण फक्त एवढं बघायचं: भिंतीपासून डब्यापर्यंतची पिवळी किंवा पांढरी पातळ दोरी कपाटामागे दाबली गेली आहे का, तिला कडक घडी पडली आहे का, टोक नीट आत बसलं आहे का. वळण घ्यायचंच तर वाटीच्या तोंडाएवढं मोठं घ्या, त्याहून आवळू नका. टोक हिरवं असेल तर त्याचं तोंड आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्याचं सरळ. हिरव्या सॉकेटला निळं टोक लावलं तर उजेड मोठ्या प्रमाणात वाया जातो, म्हणून दुकानातून नुसती "फायबरची वायर" आणू नका. आणि उघड्या टोकात डोळा लावून बघायचं नाही. त्यातला उजेड अवरक्त असतो, डोळ्याला दिसत नाही, त्यामुळे काही येत नाही असं वाटतं आणि धोका तसाच राहतो.

हे करूनही दिवा लाल असेल तर थेट तक्रार. बाहेर खांबावर तार तुटली असेल, उंदरानं कुरतडली असेल, रस्त्याच्या खोदकामात गेली असेल. घरातून त्यावर इलाज नाही.

अडॅप्टरकडेही एकदा बघा. डबा दर थोड्या वेळानं स्वतःच बंद-चालू होत असेल तर दोष बऱ्याचदा थकलेल्या अडॅप्टरचा असतो. नवा आणताना व्होल्ट अगदी तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त. पिन बसते म्हणून सेट-टॉप बॉक्सचा लावू नका.

आठ तारांची गोष्ट

आता ताईच्या घरातल्या तारेकडे येतो, कारण घराघरांत सगळ्यात जास्त गोंधळ इथे असतो.

लॅन केबलच्या आत आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या, प्रत्येक जोडी एकमेकींभोवती पिळलेली. हा पीळ शोभेचा नाही. बाजूच्या विजेच्या तारेचा, मिक्सरचा, ट्यूबचा त्रास पिळलेल्या दोन्ही तारांना सारखाच होतो, आणि घेणारं यंत्र दोन्हींमधला फरकच मोजतं, म्हणून तो त्रास वजा होऊन जातो. पीळ सुटला की हे संरक्षण गेलं. कनेक्टर मारताना तारा अर्ध्या इंचाहून जास्त उलगडू नयेत, ते यासाठी.

१०० एमबीपीएस वेगाला चारपैकी दोनच जोड्या लागतात, कनेक्टरमधल्या १, २, ३ आणि ६ नंबरच्या जागा. एक हजार एमबीपीएस म्हणजे गिगाबिटला चारही जोड्या लागतात. आता बघा गंमत कशी होते. ४, ५, ७, ८ पैकी एखादी तार सुटली तर नेट बंद पडत नाही. बहुतेक यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात आणि कोणाला पत्ता लागत नाही. तुमचा प्लॅन २०० चा किंवा ३०० चा आहे, वायफायवर राउटरजवळ तेवढा वेग मिळतोय, आणि तारेवरच्या कॉम्प्युटरला मात्र ९४ च्या पुढे जात नाही, असं असेल तर जवळपास खात्रीनं धरा की केबलमधली एक तरी तार गेली आहे, किंवा मधलं एखादं यंत्र जुनं, १०० वरच थांबणारं आहे. विंडोजमध्ये नेटवर्कच्या माहितीत 'लिंक स्पीड' म्हणून १००/१०० किंवा १०००/१००० लिहिलेलं असतं. ते आधी बघा.

मी ताईला विचारलं, "तार बंद पडायच्या आधी वरती वेग किती मिळत होता?" भाच्याला आठवत होतं. त्याच्या गेमसाठी तो नेहमी तपासायचा. "आधी १९० यायचा, मग होळीनंतर ९४ वर आला, मग कालपासून बंद." होळीनंतर ४, ५, ७, ८ पैकी काहीतरी गेलं होतं आणि आता १, २, ३, ६ पैकी. एकाच जागी काहीतरी हळूहळू कुजत होतं.

"मध्ये कुठे जोड आहे का?"

होता. खालून निघालेली केबल बाल्कनीपर्यंत आली, तिथे संपली, म्हणून बसवणाऱ्यानं एक प्लास्टिकचा जॉइंटर लावून दुसरा तुकडा जोडला होता आणि वर चिकटपट्टी गुंडाळली होती. पश्चिमेकडची बाल्कनी, साताऱ्याचा पाऊस. भाच्यानं चिकटपट्टी सोडली तेव्हा आतून पाणी निथळलं आणि पितळी पट्ट्यांवर हिरवा थर होता.

बाहेरून जाणाऱ्या केबलला जोड देऊच नये, हे मी कोकणातल्या आणि घाटमाथ्यावरच्या सगळ्यांना सांगत असतो. अखंड केबल ओढा, आवरण काळं, उन्हाला टिकणारं घ्या, आणि भिंतीतून आत शिरण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पावसाचं पाणी झोळाच्या तळाशी येऊन टपकतं, केबलच्या अंगावरून घरात चालत येत नाही. आणखी एक: एका इमारतीवरून दुसऱ्या इमारतीवर तांब्याची केबल नेलेली असेल तर वळवाच्या पावसात वीज कडाडू लागली की ती दोन्हीकडून काढून ठेवा. वीज दूर पडली तरी एवढ्या लांब तारेत येणारा झटका लॅनचे पोर्ट जाळायला पुरतो. तिथे फायबर टाकून घेणं हाच पक्का उपाय, काचेतून वीज येत नाही.

रंगांचा क्रम आता. कनेक्टरची प्लास्टिकची जीभ खाली, सोनेरी पट्ट्या वर, केबल आपल्या बाजूला धरली की डावीकडून: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. दोन्ही टोकांना हाच क्रम. निळ्याची जोडी हिरव्याच्या जोडीच्या मधोमध बसते, हे बऱ्याच जणांना चुकल्यासारखं वाटतं. मग ते नीटनेटकं करायला जातात आणि नारिंगी जोडी, हिरवी जोडी, निळी जोडी, तपकिरी जोडी असं ओळीनं लावतात. दोन्ही टोकांना सारखंच लावल्यामुळे शंभर-दोनशे रुपयांच्या टेस्टरवर आठही दिवे क्रमानं पेटतात. काम झालं असं वाटतं. पण ३ आणि ६ ही जोडी आता एका पिळातली राहिली नाही, एक तार हिरव्या पिळातली आणि एक निळ्या. छोट्या तुकड्यात चालून जातं, वीस मीटरवर नेट तुटक होतं, आणि टेस्टर म्हणतो सगळं ठीक. हा दोष डोळ्यांनीच सापडतो: पारदर्शक कनेक्टर उजेडात धरा आणि रंग वाचा.

केबल विकत घेताना तार खरवडून बघा. आतून पांढरट निघाली तर ती ॲल्युमिनिअमची आहे, वरून तांब्याचा मुलामा. स्वस्त असते, पण दोन-चारदा वाकवली की तुटते आणि लांब अंतरावर दम सोडते. भिंतीत गाडायची केबल तर शुद्ध तांब्याचीच हवी, कारण ती बदलायला भिंत फोडावी लागते. विजेच्या तारांच्या पाइपमधून लॅनची केबल ओढू नका, ओढायला वायरमन तयार असला तरीही. २३० व्होल्टची तार घासून उघडी पडली तर ती वीज थेट तुमच्या कॉम्प्युटरच्या सांगाड्यावर येऊ शकते. वेगळा पाइप, आणि जमेल तेवढं वीतभर अंतर.

खोलीचे नंबर कधी बदलायचे

घरातल्या यंत्रांचे नंबर बदलायची गरज सहसा पडत नाही. पडते ती अशा वेळी. सीसीटीव्ही बसवणारा माणूस डीव्हीआरला, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या डब्याला, हातानं १९२.१६८.१.१० हा नंबर देऊन जातो. राउटरला ते माहीत नसतं, तो आपल्या यादीतून तोच १० नंबर आठवड्यानं आजोबांच्या फोनला देतो. मग आजोबांचा फोन घरात असला की कॅमेरे गायब होतात आणि आजोबा फिरायला गेले की परत येतात. यावर उपाय नंबर घाईघाईनं बदलत बसणं हा नव्हे. राउटरच्या डीएचसीपीत वाटपाची हद्द १०० ते २०० अशी ठेवा आणि हातानं दिलेले नंबर १०० च्या खाली. किंवा राउटरमध्येच नोंद करून ठेवा की अमुक यंत्राला नेहमी अमुकच नंबर द्यायचा. ही नोंद यंत्राच्या मॅक ॲड्रेसवर, म्हणजे त्याच्या स्वतःच्या ओळख-नंबरावर, होते. प्रिंटर, टीव्ही, डीव्हीआरसाठी ती उत्तम. फोनसाठी मात्र एक अडचण आहे: अँड्रॉइड १० आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून फोन वायफायला आपला खरा मॅक ॲड्रेस न सांगता बनावट सांगतात. खासगीपणासाठी ते चांगलंच आहे, फक्त नोंद करायची तर त्या वायफायपुरतं ते सेटिंग बंद करावं लागतं.

दुसरी वेळ येते घरात दुसरा राउटर आणल्यावर. कंपनीच्या डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ आणि नव्या राउटरचाही तोच. एका चाळीत दोन पहारेकरी, दोघांचं नाव एकच. नव्या राउटरला १९२.१६८.२.१ असा वेगळा पत्ता द्या, किंवा त्याला 'ॲक्सेस पॉइंट' या मोडवर टाका, म्हणजे तो नंबर वाटायचं काम सोडून फक्त वायफाय पसरवायचं काम करतो. घरासाठी दुसराच मार्ग बरा. प्रिंटर एका राउटरवर आणि फोन दुसऱ्यावर, म्हणून छापता येत नाही, ही कटकट त्यानं उरत नाही.

चाळीचा पत्ता

आता बाहेरचा पत्ता. चार आकड्यांच्या जुन्या पद्धतीत, म्हणजे आयपीव्ही४ मध्ये, एकूण पत्ते साधारण ४३० कोटी. जगात माणसंच त्याहून जास्त. फेब्रुवारी २०११ मध्ये जागतिक साठ्यातले शेवटचे गट वाटून संपले आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये आपल्या आशिया-प्रशांत विभागाचा साठा तळाला लागला. त्यानंतर मोठ्या झालेल्या कंपन्यांकडे प्रत्येक ग्राहकाला द्यायला पत्ता कुठून येणार? म्हणून त्यांनी अख्ख्या चाळीला आणखी एका मोठ्या फाटकाच्या आत घेतलं. शेकडो घरांना मिळून बाहेरचा एक पत्ता. या व्यवस्थेसाठी २०१२ साली १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतचे पत्ते राखून ठेवले गेले.

तुमचं घर अशा फाटकाआड आहे का, हे ओळखणं सोपं आहे. राउटरच्या सेटिंगच्या पानावर 'वॅन आयपी', म्हणजे त्याचा बाहेरच्या बाजूचा पत्ता, बघा आणि मग 'माझा आयपी काय' असं सांगणारी कुठलीही वेबसाइट उघडा. दोन्ही आकडे सारखे असतील तर पत्ता तुमचा एकट्याचा. वेगळे असतील, आणि वॅनचा आकडा १००.६४ ते १००.१२७ किंवा १० ने सुरू होणारा असेल, तर तुम्ही फाटकाआड आहात. वॅनच्या जागी ०.०.०.० असेल तर कंपनीनं पत्ताच दिलेला नाही, म्हणजे बिघाड डब्याच्या बाहेर आहे किंवा युजरनेम-पासवर्ड चुकला आहे.

फाटकाआड असलात तर दोन गोष्टी समजून येतात. एक, तुम्ही काही न करता एखादी वेबसाइट "तुमच्या पत्त्यावरून फार विनंत्या येताहेत" म्हणून अडवते, कारण तो पत्ता तुमच्या शेजाऱ्यांचाही आहे. दोन, बाहेरगावाहून घरचे कॅमेरे बघण्यासाठी राउटरच्या सेटिंगमध्ये कितीही पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायच्या वाटा, उघडल्या तरी चालत नाही, कारण बाहेरचं फाटक तुमच्या हातात नाही. तिथे डीव्हीआर कंपनीचं ॲप वापरा, किंवा कंपनीकडून जादा पैसे भरून कायमचा पत्ता घ्या. कायमचा घेतलात तर डीव्हीआरचा मूळ पासवर्ड त्याच दिवशी बदला.

बाहेरचा पत्ता बदलायचा असेल तर बहुतेक घरगुती कनेक्शनांत राउटर काही मिनिटं बंद ठेवून चालू केला की नवा मिळतो. जिथे युजरनेम-पासवर्डनं लाइन जोडली जाते तिथे तर बऱ्याचदा लगेच. मिळेलच असं नाही. पण यानं आपण अदृश्य होतो हा समज काढून टाका. कोणता पत्ता कोणत्या वेळी कोणत्या ग्राहकाकडे होता याची नोंद कंपनीकडे राहते. साताऱ्यात बसून वेबसाइट तुम्हाला मुंबईत दाखवत असेल तर तोही बिघाड नाही, पत्त्यांचा तो गट मुंबईच्या नावानं नोंदलेला असतो.

नव्या पद्धतीचे लांबलचक पत्ते, आयपीव्ही६, भारतात आता भरपूर वापरात आहेत. तिथे पत्त्यांचा तोटा नाही, ३४ वर ३७ शून्यं एवढे आहेत. तुमच्या फोनला २४ ने सुरू होणारा असा पत्ता दिसला तर तो थेट बाहेरच्या जगातला आहे. आणि फक्त एफई८० ने सुरू होणारा एकच दिसत असेल तर तो १६९.२५४ चा भाऊ समजा: यंत्रानं स्वतःच घेतलेला, घराबाहेर न चालणारा. आयपीव्ही४ आणि आयपीव्ही६ दोन्हींकडे असंच दिसलं, तर पुन्हा तारेकडे जा.

ताईच्या घरी त्या दिवशी दुपारी कोपऱ्यावरच्या कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानातला मुलगा आला. बाल्कनीतला जोड काढून टाकला, खालपासून वरपर्यंत अखंड केबल ओढली, दोन्ही टोकांना नवे कनेक्टर मारले. भाच्यानं रंग स्वतः वाचून घेतले. चार वाजता त्याचा मेसेज आला: लिंक स्पीड १०००/१०००, पत्ता १९२.१६८.१.७. आणि खाली एक फोटो. कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला त्यानं एक कागद चिकटवला होता. त्यावर राउटरचा पत्ता, कंपनीचं युजरनेम, तक्रारीचा नंबर आणि 'पॉवर वजा २१, जुलै' असं लिहिलेलं होतं.